अणुयुद्ध टाळण्यासाठी पैसे कोण देतं? आणि ते देणारे मागे का हटले?

मे २०२५. भारत आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी संघर्ष पेटला होता आणि मोबाईलवर एकामागून एक फॉरवर्ड येत होते. त्यातला एक प्रकार जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरला. भारताकडे किती अणुबॉम्ब आणि पाकिस्तानकडे किती, याची तुलना करणारा.

पुढच्याच महिन्यात 'सिप्री' या स्वीडनमधल्या संस्थेचा वार्षिक अहवाल आला. त्यातला अंदाज असा की जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं होती. या आकड्यांच्याही बातम्या झाल्या, रील्स झाले, कमेंटमध्ये भांडणं झाली.

पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. हे आकडे मोजले कुणी? भारत सरकार आपल्याकडे किती अण्वस्त्रं आहेत ते सांगत नाही. पाकिस्तानही सांगत नाही. मग १८० आणि १७० आले कुठून?

उत्तर असं की वॉशिंग्टनमध्ये 'फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स' नावाची एक संस्था आहे. पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनीच ती १९४५ मध्ये सुरू केली. तिथले मोजके संशोधक उपग्रहाची छायाचित्रं, सरकारी कागदपत्रं, लष्करी संचलनात दिसलेली क्षेपणास्त्रं असं सगळं जुळवून हे अंदाज बांधतात. सिप्रीच्या अहवालातला अण्वस्त्रांचा हिशेबही हेच लोक करतात. आणि त्यांचा पगार बऱ्याच अंशी निघतो तो खासगी फाउंडेशन्सच्या देणग्यांमधून.

म्हणजे जगातल्या सर्वांत घातक शस्त्रांची जी मोजदाद सगळं जग वापरतं, ती दानाच्या पैशावर चालते. गेल्या काही वर्षांत नेमका हाच पैसा आटला. हे प्रकरण काय आहे, ते समजून घेऊ.

पण यात दानाचं काय काम?

अण्वस्त्रं सरकारांची, करार सरकारांचे, मग देणगीदारांचा संबंध काय, असं वाटणं साहजिक आहे.

सरकारांना काही कामं करता येत नाहीत. शत्रू देशाशी अधिकृत बोलणी बंद असली की मंत्री भेटू शकत नाहीत, पण निवृत्त अधिकारी आणि शास्त्रज्ञ भेटू शकतात. आपल्याच सरकारचं धोरण चुकतंय, हे सरकारी पगारावरचा माणूस उघडपणे सांगू शकत नाही. आणि अणुयुद्ध टाळणं हे असं काम आहे की ज्यातून नफा मिळत नाही. त्यामुळे कंपन्याही फिरकत नाहीत.

ही मधली जागा भरून काढली ती फाउंडेशन्सनी. त्याची काही उदाहरणं बघितली की मुद्दा लक्षात येतो.

दिल्लीत होणारी बैठक कॅनडातल्या खेड्यात गेली

९ जुलै १९५५ रोजी बर्ट्रांड रसेल यांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यावर आल्बर्ट आइन्स्टाइन यांची सही होती. आइन्स्टाइन त्याआधी एप्रिलमध्येच वारले होते. अण्वस्त्रांच्या धोक्यावर शास्त्रज्ञांनी एकत्र बसावं, असं आवाहन त्यात होतं.

ही पहिली बैठक खरंतर भारतात व्हायची होती. पंडित नेहरूंनी यजमानपदाची तयारी दाखवली होती. पण १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि बेत फिसकटला.

मग पुढे आले सायरस ईटन. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत उद्योग उभा केलेले हे गृहस्थ. त्यांनी खर्च उचलला, अट एवढीच की बैठक त्यांच्या गावी, नोव्हा स्कोशियातल्या पगवॉश इथं व्हावी. जुलै १९५७ मध्ये तिथं २२ शास्त्रज्ञ जमले. त्यात अमेरिकन होते तसे सोव्हिएतही होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्हीकडचे लोक एका टेबलावर बसले, हीच मोठी गोष्ट होती.

त्यातून 'पगवॉश परिषदा' सुरू झाल्या. १९६३ चा अणुचाचण्यांवरचा अंशतः बंदी करार, १९६८ चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार, अशा करारांची जमीन तयार करण्यात या परिषदांचा हात होता असं मानलं जातं. १९९५ मध्ये पगवॉश आणि तिचे एक संस्थापक जोसेफ रोटब्लाट यांना शांततेचं नोबेल मिळालं.

सोव्हिएत भूमीवर अमेरिकन भूकंपमापक

१९८० च्या दशकात अणुचाचण्या थांबवायच्या की नाही यावर वाद चालू होता. अमेरिकेचा मुख्य आक्षेप असा की सोव्हिएत संघानं गुपचूप चाचणी केली तर आपल्याला कळणार कसं? आणि ते आपल्याला तपासायला आत थोडेच येऊ देणार?

१९८६ मध्ये 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल' या अमेरिकेतल्या बिगरसरकारी संस्थेनं थेट सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार केला. खासगी देणग्यांतून पैसा उभा राहिला आणि जुलैमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी कझाकस्तानात, सेमिपलातिन्स्क या चाचणीस्थळाच्या परिसरात भूकंपमापक बसवले.

आत येऊ देणार नाहीत, हा आक्षेप तिथंच लंगडा पडला. पुढच्या वर्षी अमेरिका आणि सोव्हिएत संघात मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला आणि त्यात एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याची तरतूद आली. एकामुळेच दुसरं झालं असं म्हणता येणार नाही. पण आत जाऊन तपासता येतं, हे आधी दाखवलं होतं ते खासगी पैशावर गेलेल्या शास्त्रज्ञांनी.

एक अहवाल आणि ७,६०० अण्वस्त्रं

या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९१ चं.

सोव्हिएत संघ मोडकळीला आला होता. हजारो अण्वस्त्रं रशिया, युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस अशा चार ठिकाणी पसरलेली होती. ती नक्की कुणाच्या ताब्यात राहणार, पगार न मिळालेले सैनिक त्यांची राखण कशी करणार, काहीच स्पष्ट नव्हतं.

अमेरिकेनं सोव्हिएत संघाला मदत करावी असा एक प्रस्ताव आधी आला होता. पण कालच्या शत्रूला पैसे कशाला, म्हणून तो बारगळला.

इथं 'कार्नेगी कॉर्पोरेशन ऑफ न्यूयॉर्क' आली. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड हॅम्बर्ग हे पेशानं मानसोपचारतज्ज्ञ. कार्नेगीच्या पाठबळावर हार्वर्डमधला एक गट सोव्हिएत अण्वस्त्रांचं काय होऊ शकतं याचा अभ्यास करत होता. त्या गटात होते अॅश्टन कार्टर, जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

नोव्हेंबर १९९१ मध्ये हॅम्बर्ग, कार्टर आणि विल्यम पेरी यांनी सॅम नन आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांपुढे हा अभ्यास मांडला. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. दोघांनी मिळून नव्यानं विधेयक आणलं आणि ते सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झालं. सुरुवातीला ४० कोटी डॉलर मिळाले.

पुढं काय झालं? १९९६ संपेपर्यंत युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूसच्या भूमीवर एकही अण्वस्त्र उरलं नाही. पुढच्या दोन दशकांत या कार्यक्रमातून ७,६०० हून अधिक अण्वस्त्रं निष्क्रिय झाली.

अण्वस्त्रं मोडण्याचा खर्च अर्थातच सरकारनं केला. कार्नेगीनं फक्त अभ्यासाचा आणि बैठकांचा खर्च केला. पण तो अभ्यास नेमक्या वेळी टेबलावर तयार होता.

बॉम्बचं इंधन हलवायला पैसे दिले कुणी?

जानेवारी २००१ मध्ये सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर आणि तेच सॅम नन यांनी मिळून 'न्यूक्लियर थ्रेट इनिशिएटिव्ह' म्हणजे 'एनटीआय' सुरू केली. टर्नर यांनी त्यासाठी २५ कोटी डॉलरपर्यंत पैसे देण्याचं जाहीर केलं.

दीडच वर्षात एक अवघड काम समोर आलं. सर्बियाची राजधानी बेलग्रेडजवळ व्हिन्का नावाची जुनी अणुसंशोधन संस्था होती. तिथं उच्च प्रतीचं समृद्ध युरेनियम पडून होतं, सुमारे ४८ किलो. दोन अणुबॉम्बना पुरेल एवढं. सुरक्षा मात्र बेताची.

ते हलवायला सर्बिया तयार होता, पण त्या बदल्यात तिथला धोकादायक अणुकचरा साफ करायला मदत हवी होती. अमेरिकी सरकारच्या नियमांत कचरा साफ करायला पैसे देण्याची सोयच नव्हती. एवढ्या कारणावरून सगळं अडलं. शेवटी ५० लाख डॉलरची तयारी एनटीआयनं दाखवली. ऑगस्ट २००२ मध्ये कडेकोट बंदोबस्तात ते युरेनियम रशियाला गेलं.

जगभरात पडून असलेलं असं इंधन गोळा करण्यासाठी अमेरिकेनं पुढं २००४ मध्ये स्वतंत्र सरकारी कार्यक्रमच सुरू केला.

वॉरेन बफे यांची 'बँक'

अणुवीज बनवायला युरेनियम समृद्ध करावं लागतं. अडचण अशी की त्याच यंत्रांवर ते आणखी समृद्ध केलं की बॉम्बचा माल तयार होतो. मग एखादा देश म्हणतो, "बाहेरून इंधन मिळेल याची खात्री नाही, म्हणून आम्ही स्वतःच बनवतो." जगाला मात्र शंका राहते.

यावर एक तोडगा पुढं आला तो इंधनाच्या बँकेचा. राजकीय कारणानं कुणी पुरवठा तोडला तर देशांना तिथून इंधन घेता येईल. २००६ मध्ये वॉरेन बफे यांनी यासाठी एनटीआयमार्फत ५ कोटी डॉलर देऊ केले. अट घातली की देशांनी मिळून १० कोटी डॉलर घालायचे. अमेरिका, युरोपीय संघ, संयुक्त अरब अमिराती, नॉर्वे आणि शेवटी कुवेत यांच्या पैशातून २००९ मध्ये अट पूर्ण झाली.

ही बँक कझाकस्तानात आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ताब्यात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी तिचं उद्घाटन झालं आणि २०१९ मध्ये इंधन आलं. ९० टन. ज्या देशाच्या मातीत सोव्हिएत काळात ४५० हून अधिक अणुचाचण्या झाल्या, त्याच देशानं ही बँक आपल्याकडे ठेवून घेतली.

मग पैसा किती आहे?

हा आकडा वाचून बरेच जण चक्रावतात.

या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांच्या अंदाजानुसार, २०२० च्या आसपास जगभरातली सगळी फाउंडेशन्स मिळून अण्वस्त्रांचा धोका कमी करण्यासाठी वर्षाला साधारण ५ कोटी डॉलर देत होती. नंतर तो आकडा ३ कोटी डॉलरच्या आसपास घसरला. म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे कोटी रुपये.

आता दुसरी बाजू. 'आयकॅन' या नोबेलविजेत्या मोहिमेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये नऊ अण्वस्त्रधारी देशांनी अण्वस्त्रांवर १०,००० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. रुपयांत मोजला तर भारताच्या अख्ख्या संरक्षण बजेटपेक्षा जास्त.

तुलना करून बघा. 'ओपनहायमर' सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्याचं बजेट होतं सुमारे १० कोटी डॉलर, म्हणजे या क्षेत्राला वर्षभरात मिळणाऱ्या दानाच्या तिप्पट. आणि तो तीन तासांचा सिनेमा बघून तुम्ही थिएटरबाहेर येईपर्यंत नऊ देशांनी अण्वस्त्रांवर ३ कोटी डॉलरहून जास्त उडवलेले असतात. म्हणजे अणुयुद्ध टाळण्यासाठी वर्षभरात जेवढं दान मिळतं, तेवढं सगळं.

मोठा देणगीदार का गेला?

या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव होतं शिकागोचं 'मॅकआर्थर फाउंडेशन'. विमा व्यवसायातून आलेल्या संपत्तीवर उभं राहिलेलं हे फाउंडेशन जवळपास चार दशकं अण्वस्त्रांच्या प्रश्नावर पैसे देत होतं. काही वर्षं तर या क्षेत्रातल्या पैशाचा फार मोठा वाटा त्यांचा असायचा.

२०१५ मध्ये मॅकआर्थरनं मोठा डाव लावला. बॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियम आणि प्लुटोनियमचं उत्पादन थांबावं आणि साठे संपावेत, हे ध्येय. काही वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून कामाचं मूल्यमापन करून घेतलं. निष्कर्ष साधारण असा निघाला की काम चांगलं चाललंय, पण जगातलं राजकारण असंच राहिलं तर ध्येय गाठण्याचा रस्ता दिसत नाही.

२०२१ मध्ये फाउंडेशननं या क्षेत्रातून बाहेर पडणार असल्याचं जाहीर केलं. शेवटची अनुदानं २०२३ पर्यंत.

योगायोग बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि अण्वस्त्रांच्या धमक्या पुन्हा बातम्यांत आल्या. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा 'न्यू स्टार्ट' हा शेवटचा करार उरला होता. २०२३ मध्ये रशियानं त्यातला सहभाग थांबवला, आणि कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. म्हणजे जेव्हा धोका वाढत होता, नेमका तेव्हाच पैसा कमी होत होता.

मॅकआर्थर काही पहिलं नव्हतं. ईबेचे पहिले अध्यक्ष जेफ स्कोल यांचा जागतिक धोक्यांसाठीचा निधी २०१७ मध्येच बंद झाला होता. त्यामुळे या क्षेत्रातल्या संशोधकांना नोकरीची खात्री नाही, तरुण मंडळी यायला तयार नाहीत, अशी तक्रार तिथं कायम ऐकू येते.

यातली खरी अडचण

मॅकआर्थरला दोष देणं सोपं आहे. पण त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

शाळा बांधली तर खोल्या मोजता येतात. लस दिली तर मुलं मोजता येतात. पण अणुयुद्ध झालं नाही, हे नक्की कुणाच्या पैशामुळे झालं नाही? न घडलेली गोष्ट मोजायची कशी? आजकालच्या फाउंडेशन्सना मोजता येणारा परिणाम हवा असतो. हवामान बदलाच्या कामात टनांत कार्बन मोजता येतो आणि तिथं दरवर्षी अब्जावधी डॉलर दान येतं.

१९९१ च्या उदाहरणातच याचं एक उत्तर आहे. तो अभ्यास सुरू झाला तेव्हा त्याचा काही उपयोग होईल असं कुणी सांगू शकलं नसतं. संधी आली तेव्हा तो तयार होता, एवढंच. हे आग विझवणाऱ्या बंबासारखं आहे. आग लागल्यावर बंब खरेदी करायला निघून चालत नाही.

दानावर आक्षेपही आहेत

श्रीमंतांच्या पैशानं देशाच्या सुरक्षेचं धोरण ठरावं का, हा प्रश्न रास्त आहे. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. 'प्लोशेअर्स फंड' ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था इराणबरोबरच्या २०१५ च्या अणुकराराच्या बाजूनं होती. तिनं अनेक संस्थांना पैसे दिले होते आणि 'नॅशनल पब्लिक रेडिओ'लाही १ लाख डॉलरचं अनुदान दिलं होतं. करारविरोधकांनी यावर टीका केली की पैसे देऊन जनमत तयार केलं जातंय. अनुदानाचा बातम्यांवर परिणाम होत नाही, असं रेडिओनं सांगितलं. तरी पैसे कुणाचे हे वाचकाला आणि श्रोत्याला माहीत असायला हवं, हा मुद्दा उरतोच.

दुसरी गोष्ट, हा पैसा मुख्यतः अमेरिकेतून येतो आणि बराचसा तिथंच खर्च होतो. दक्षिण आशियात अण्वस्त्रधारी देश शेजारी शेजारी आहेत, पण इथल्या स्वतंत्र अभ्यासकांपर्यंत त्यातला फारच थोडा पोहोचतो.

आपला काय संबंध?

२०१९ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक अभ्यास आला. भारत-पाकिस्तान अणुयुद्ध झालं तर ५ कोटी ते साडेबारा कोटी लोक थेट मरतील, असा त्यातला अंदाज होता. २०२२ मध्ये 'नेचर फूड'मध्ये आलेल्या अभ्यासानं पुढचं चित्र मांडलं. जळत्या शहरांचा धूर वर जाऊन सूर्यप्रकाश अडवेल, पिकं कोसळतील आणि जगभरात २०० कोटींहून अधिक लोक उपासमारीनं मरू शकतील.

धूर नेमका किती वर जाईल यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात परिणाम बराच कमी दिसला होता. पण हा वाद घालायला तरी अभ्यास हवा. आणि वरच्या दोन्ही अभ्यासांना पैसा मिळाला तो 'ओपन फिलान्थ्रॉपी' या संस्थेकडून. तिच्यामागे फेसबुकचे सहसंस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ आणि त्यांच्या पत्नी कॅरी टूना यांची संपत्ती आहे.

मुंबईचंही एक उदाहरण आहे. पोखरणच्या चाचण्यांनंतर वर्षभरात, १९९९ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रामणा यांनी हिरोशिमाएवढा एक बॉम्ब मुंबईवर पडला तर काय होईल याचा हिशेब मांडला. दाट वस्तीमुळे एकाच बॉम्बनं मृतांचा आकडा लाखांत जाईल, असं त्यातून दिसलं. हा अहवाल छापला तो अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं.

आता पुढं काय?

काही नवे देणगीदार आले आहेत. ब्रिटनची 'लाँगव्ह्यू फिलान्थ्रॉपी' आणि 'फाउंडर्स प्लेज' यांनी मॅकआर्थरनंतर या क्षेत्राकडे लक्ष वळवलं. 'फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट'नं अणुयुद्धाच्या परिणामांवरच्या संशोधनाला पैसे दिले. पण नव्या संपत्तीचाही भरवसा नसतो. मानवजातीवरच्या मोठ्या धोक्यांसाठी पैसे देऊ म्हणणारा क्रिप्टो कंपनी 'एफटीएक्स'चा निधी नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीबरोबरच बुडाला.

दरम्यान काम थांबलेलं नाही. २०२१ मध्ये चीनच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी शंभराहून अधिक भुयारी कोठारं बांधली जात असल्याचं जगाला कळलं, ते कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यास संस्थेतल्या संशोधकांनी बाजारात विकत मिळणारी उपग्रह छायाचित्रं चाळल्यामुळे. काही आठवड्यांत फेडरेशनच्या लोकांनी तसंच दुसरं ठिकाण शोधलं.

मे २०२५ च्या संघर्षातही पाकिस्तानच्या किराणा टेकड्यांमधल्या अणुसाठ्यावर हल्ला झाला आणि किरणोत्सर्ग पसरला, अशा पोस्ट तुफान फिरल्या होत्या. आपण किराणा टेकड्यांवर हल्ला केला नसल्याचं भारतीय हवाई दलानं सांगितलं. पाकिस्तानच्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं स्पष्ट केलं. सुदैवानं या वेळी सांगायला कुणीतरी होतं.

संकटाच्या वेळी अफवा फुकट पसरते. ती खरी की खोटी हे शोधून सांगणारा माणूस मात्र आधीपासून पगारावर ठेवावा लागतो. पुढच्या वेळी 'कुणाकडे किती बॉम्ब' असा फॉरवर्ड आला तर एवढं लक्षात असू द्या की तो आकडा मोजणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि पुढच्या वर्षीचा आपला पगार कुठून येणार याची त्यांनाच खात्री नसते.